वाचक विचारतात : विजेवर चालणारी अवकाशयाने

मागील अंकातील भूस्थिर उपग्रहांवरच्या लेखात विद्युत प्रणोदनाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून बरीच पत्रे आली. त्यांतील काही प्रश्नांना या वेळी सविस्तर उत्तरे देत आहोत. प्रणोदन म्हणजे यानाला पुढे ढकलण्याची क्रिया आणि त्यासाठी मागे फेकला जाणारा पदार्थ म्हणजे प्रणोदक; थ्रस्टर म्हणजे रेटा देणारे लहान इंजिन आणि प्लाझ्मा म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, एवढे वाचताना लक्षात असावे.

प्रश्न : इस्रोने मार्च २०२५ मध्ये ३०० मिलिन्यूटन रेट्याच्या प्लाझ्मा थ्रस्टरची १,००० तासांची चाचणी पूर्ण केल्याची बातमी मी नववीच्या वर्गात वाचून दाखवली. मुलांनी गणित करून पाहिले आणि एवढ्याशा रेट्याचे कौतुक कशासाठी, असे विचारले. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही.
– एक शिक्षिका, दादर

उत्तर : मुलांनी गणित करून पाहिले, ही फार चांगली गोष्ट आहे. ३०० मिलिन्यूटन म्हणजे पृथ्वीवरील सुमारे ३० ग्रॅम वस्तूचा भार. पाच रुपयांचे तांबे-निकेलचे जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे असते. अशी तीन नाणी तळहातावर ठेवली असता जेवढा भार जाणवतो, त्याहून हा रेटा किंचित अधिक आहे. हा प्रयोग वर्गात जरूर करावा आणि त्यापाठोपाठ मुलांना पुढचे गणित घालावे. एक टन वस्तुमानाच्या यानाला घर्षण नसलेल्या जागी हाच रेटा अखंड मिळत राहिला, तर एका दिवसात त्याचा वेग ताशी सुमारे ९३ किलोमीटरने वाढतो. वाटेत दुसऱ्या कशाची ओढ नसेल, तर वर्षभरात ही वाढ सेकंदाला ९ किलोमीटरच्या पुढे जाते. रासायनिक इंजिन काही मिनिटांत आपले काम संपवते. विद्युत इंजिन महिनोन्‌महिने चालू राहते आणि त्याची सारी कमाई या सातत्यातून होते.

आता कौतुकाचे खरे कारण पाहू. रासायनिक इंजिनात जे जळते तेच मागे फेकले जाते. ऊर्जा आणि प्रणोदक एकाच टाकीतून येत असल्यामुळे वायू किती वेगाने बाहेर पडेल, याची मर्यादा त्या रसायनांत साठलेल्या ऊर्जेने आधीच घालून दिलेली असते. उपग्रहांवरील नेहमीच्या द्रवइंधन इंजिनांत हा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या थोडा वर असतो, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन वापरणाऱ्या क्रायोजेनिक इंजिनात तो साडेचार किलोमीटरच्या आसपास जातो. विद्युत प्रणोदनात ऊर्जा सौरपट्ट्यांतून येते आणि फेकायचा वायू वेगळ्या टाकीतून येतो. त्यामुळे ही मर्यादा उरत नाही आणि विद्युतभारित कण सेकंदाला १६ ते ३० किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने बाहेर काढता येतात.

याचा परिणाम यानाच्या वजनावर किती होतो, हे त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये मांडलेल्या अग्निबाणाच्या सूत्रावरून काढता येते. चार टनांचा उपग्रह, अग्निबाण त्याला जिथे सोडतो त्या लांबट हस्तांतरण कक्षेतून, भूस्थिर कक्षेत न्यायचा असेल, तर रासायनिक इंजिनाला त्यातील दीड टनाहून अधिक प्रणोदक खर्ची घालावे लागते. विद्युत इंजिनाने हळूहळू, फेऱ्या घेत वर जायचे म्हटले, तर एकूण वेगबदल दीडपट करावा लागतो; तरीही प्रणोदक म्हणून झेनॉन हा वायू अर्ध्या टनाच्या थोडा वर पुरतो. म्हणजे एका टनाची बचत झाली. तेवढ्या वजनाची दळणवळणाची उपकरणे अधिक बसवता येतात, किंवा तोच उपग्रह लहान अग्निबाणाने सोडता येतो. ज्या देशाला आपले सर्वांत जड उपग्रह परदेशी अग्निबाणांनी सोडावे लागले आहेत, त्याच्यासाठी ही बचत किती मोलाची आहे, हे नववीच्या मुलांनाही सहज पटेल.

प्रश्न : मी कुर्ला कारशेडमध्ये मोटर कोचच्या देखभालीचे काम करतो. लोकलच्या मोटरी हजारो माणसांनी भरलेली गाडी अर्ध्या मिनिटात वेगात आणतात. वीज तीच असताना अंतराळात ती इतकी दुबळी का ठरते?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : आपण विषयाच्या मर्मावरच बोट ठेवले आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून देशातील पहिली विजेची गाडी निघाली ती कुर्ल्यापर्यंतच. तेव्हापासून आजपर्यंत मोटरी बदलल्या, दीड हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह जाऊन २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह आला. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. चाक रुळाला मागे ढकलते आणि रूळ पृथ्वीला जखडलेला असल्यामुळे गाडी पुढे जाते. रूळ जागचा हलत नाही, त्यामुळे त्याला ढकलण्यात ऊर्जा वाया जात नाही आणि मोटरीने दिलेली जवळजवळ सारी ऊर्जा गाडीच्या वाट्याला येते.

अंतराळात रेटा देण्यासाठी टेकायला काहीच नसते. यानाला स्वतःजवळचाच पदार्थ मागे फेकावा लागतो आणि तो पदार्थ आपल्यासोबत ऊर्जा घेऊन जातो. येथेच अडचण सुरू होते. फेकलेल्या वायूचा वेग दुप्पट केला, तर प्रत्येक किलोमागे मिळणारा संवेग दुप्पट होतो, परंतु त्यासाठी चौपट ऊर्जा लागते. म्हणून हाताशी असलेली वीज तेवढीच राहिली, तर वायूचा वेग दुप्पट करताना रेटा निम्मा होतो. प्रणोदकाची बचत आणि रेट्याचा जोर या दोन गोष्टी एकाच वेळी वाढवायच्या, तर वीज वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

ती वीज किती लागेल? शंभर किलो वजन पृथ्वीवर उचलून धरण्यासाठी सुमारे १,००० न्यूटन बल लागते. सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, फेकून आणि साठ टक्के कार्यक्षमता गृहीत धरून एवढा रेटा मिळवायचा झाला, तर २५ मेगावॅट वीज हवी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या मूळ सौरपट्ट्यांची क्षमता ८४ ते १२० किलोवॅट इतकी होती. ती सगळी वीज इंजिनाकडे वळवली, तरी चार-पाच न्यूटनांच्या पलीकडे मजल जाणार नाही. अंतराळातील विजेचे इंजिन दुबळे दिसते, त्याचे मूळ या हिशेबात आहे. इंजिनाच्या रचनेतील ते वैगुण्य नव्हे.

आपल्या कामाशी जवळची अशी आणखी एक गोष्ट सांगतो. सौरपट्ट्यांची वीज इंजिनाला थेट चालत नाही. तिचे व्होल्टेज वाढवणे, वेगवेगळ्या भागांना लागेल तशी ती पुरवणे, क्षणभर ठिणगी पडली तर प्रवाह तोडून पुन्हा जोडणे, ही सारी कामे वीज नियंत्रित करणारा एक स्वतंत्र संच करतो. विद्युत प्रणोदनाच्या यंत्रणेत सर्वांत अधिक कस या संचाचा लागतो, आणि तापलेले अर्धवाहक भाग निर्वातात हवेशिवाय थंड ठेवणे किती जिकिरीचे असेल, हे आपणांस वेगळे सांगायला नको.

प्रश्न : ही कल्पना प्रथम कोणाला सुचली, आणि ती वापरात यायला इतकी वर्षे का लागली? अमेरिका आणि रशिया यांनी वेगवेगळ्या प्रकारची इंजिने केल्याचे वाचले. त्यांतील फरक काय?
– एक निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले

उत्तर : कल्पना विमानाच्या बालपणाइतकीच जुनी आहे. रॉबर्ट गॉडर्ड यांच्या १९०६ मधील टिपणवहीत विद्युतभारित कणांच्या साहाय्याने रेटा मिळवण्याचा विचार आढळतो, आणि १९११ मध्ये त्सिओल्कोव्हस्की यांनीही कधी तरी विजेने कणांना प्रचंड वेग देता येईल, असे लिहून ठेवले. हेर्मान ओबेर्ट यांनी १९२९ मधील आपल्या ग्रंथात या विषयाला एक स्वतंत्र प्रकरण दिले. पन्नाशीच्या दशकात एर्न्स्ट श्टूलिंगर यांनी गणिताची बाजू भक्कम केली. तरीही प्रत्यक्ष इंजिन तयार व्हायला १९५९ उजाडले, कारण त्यासाठी उत्तम निर्वात कक्ष, हलके वीजस्रोत आणि इलेक्ट्रॉन सोडणारे, दीर्घकाळ टिकणारे कॅथोड या तिन्ही गोष्टी हव्या होत्या आणि त्या आधीच्या पिढ्यांकडे नव्हत्या.

हे इंजिन अमेरिकेत क्लीव्हलँड येथील नासाच्या प्रयोगशाळेत हॅरॉल्ड कॉफमन यांनी तयार केले. त्यात वायूच्या अणूंवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून आयन तयार केले जातात आणि शेजारीशेजारी बसवलेल्या, बारीक छिद्रांच्या दोन जाळ्यांमध्ये मोठे व्होल्टेज ठेवून ते आयन बाहेर खेचले जातात. जाळ्यांमधील अंतर मिलिमीटरहूनही कमी असते. २० जुलै १९६४ रोजी सोडलेल्या सर्ट-१ या यानावर अशा प्रकारचे इंजिन अंतराळात प्रथमच चालले आणि एकूण ३१ मिनिटे चालले. त्या अर्ध्या तासाने एका मोठ्या शंकेचा निकाल लावला. धनभारित आयन बाहेर गेले की यान ऋणभारित होणार आणि तेच आयन परत खेचून घेणार, अशी भीती होती. त्यावर उपाय म्हणून आयनांच्या झोतात बाहेरून इलेक्ट्रॉन सोडून तो उदासीन केला जातो. जमिनीवरील कक्षात भिंती असल्यामुळे या उपायाची खरी परीक्षा होत नव्हती. ती अंतराळात झाली आणि उपाय यशस्वी ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघाने मंगळाकडे पाठवलेल्या झोंड-२ यानावरही स्पंदी प्लाझ्मा थ्रस्टर होते.

यानंतर दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मॉस्कोतील कुर्चातोव्ह संस्थेत अलेक्सेई मोरोझोव्ह यांनी जाळ्याच नसलेले इंजिन विकसित केले, ज्याला आज हॉल थ्रस्टर म्हणतात. त्यात एक कडीच्या आकाराचा पोकळ मार्ग असतो आणि त्यात आडवे चुंबकीय क्षेत्र निर्माण केलेले असते. हलके इलेक्ट्रॉन या क्षेत्रात अडकून कडीभोवती गोल फिरत राहतात, वाटेत येणाऱ्या झेनॉनच्या अणूंना धडकून त्यांचे आयन करतात, आणि जड आयन मात्र चुंबकीय क्षेत्राला फारसे न जुमानता सुमारे ३०० व्होल्टच्या फरकाने थेट बाहेर झेपावतात. रचना आटोपशीर, वीज तेवढीच असताना रेटा अधिक, आणि वायूचा वेग जाळीच्या इंजिनापेक्षा कमी, अशी या इंजिनाची वैशिष्ट्ये सांगता येतील. डिसेंबर १९७१ मध्ये सोडलेल्या मेटिओर उपग्रहावर ते प्रथम गेले आणि पुढे सोव्हिएत उपग्रहांवर नेहमीच्या वापरात आले. अमेरिकेने हॉल थ्रस्टरवरील संशोधन जवळजवळ सोडूनच दिले होते. १९९०च्या दशकाच्या आरंभी सोव्हिएत संघ विस्कटत असताना पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ही इंजिने प्रत्यक्ष तपासली, तेव्हा त्यांचा टिकाऊपणा पाहून पुन्हा सर्वत्र या प्रकाराकडे लक्ष वळले. कॅलिनिनग्राद येथील फाकेल कंपनीचे एसपीटी-१०० हे १.३५ किलोवॅटचे इंजिन तर पुढे या क्षेत्रातील मापदंडच ठरले.

आपण विलंबाचे कारण विचारले आहे. माझ्या मते खरे कारण झीज हे आहे. फेब्रुवारी १९७० मध्ये गेलेल्या सर्ट-२ यानावरील एक इंजिन पाच महिन्यांहून अधिक काळ चालले. नंतर जाळी झिजून सुटलेल्या कणामुळे दोन जाळ्यांत शॉर्ट सर्किट झाले आणि ते थांबले. त्या काळी प्रणोदक म्हणून पारा वापरत असत. तो विषारी, शिवाय यानाच्या भागांवर थर धरणारा, म्हणून पुढे झेनॉन आला. वर्षानुवर्षे चालायचे इंजिन तपासायचे म्हणजे ते खरोखरच वर्षानुवर्षे चालवावे लागते, त्याला आडवाट नाही. डीप स्पेस-१ या यानाच्या इंजिनाचा जुळा संच कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या निर्वात कक्षात ३०,००० तासांहून अधिक काळ चालवला गेला. ती चाचणी २००३ मध्ये थांबवली, तोपर्यंत खुद्द यानाची मोहीम संपून दीड वर्ष होऊन गेले होते.

डीप स्पेस-१ हे यान २४ ऑक्टोबर १९९८ रोजी निघाले आणि आयन इंजिनावर ग्रहांच्या दिशेने जाणारे पहिले यान ठरले. त्याचे इंजिन नोव्हेंबरमध्ये प्रथम सुरू केले आणि साडेचार मिनिटांत बंद पडले. जाळ्यांत सूक्ष्म कण अडकला असावा, असा अंदाज होता. दोन आठवड्यांनी ते पुन्हा सुरू झाले आणि त्यानंतर एकूण १६,००० तासांहून अधिक चालले. त्याच घराण्यातील इंजिने घेऊन २००७ मध्ये निघालेले डॉन हे यान २०११ मध्ये वेस्टा या लघुग्रहाभोवती आणि २०१५ मध्ये सेरेस या बटुग्रहाभोवती कक्षेत स्थिरावले. पृथ्वीपलीकडच्या दोन निरनिराळ्या गोलांभोवती कक्षेत फिरलेले ते पहिले यान होते, आणि रासायनिक इंजिनाने हा बेत आखताच आला नसता.

प्रश्न : जपानच्या हायाबुसा यानाची चारही इंजिने निकामी झाली असताना ते पृथ्वीवर परतले, असे ऐकले. हे कसे शक्य आहे?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर : हे खरे आहे, आणि विद्युत प्रणोदनाच्या इतिहासातील मला सर्वाधिक भावणारी ही घटना आहे.

हायाबुसा ९ मे २००३ रोजी निघाले. त्यावर म्यू-१० नावाची चार आयन इंजिने होती. त्यांत आयन तयार करण्यासाठी झिजणारा कॅथोड न वापरता सूक्ष्मलहरी वापरल्या होत्या. चारांपैकी ‘ए’ हे इंजिन उड्डाणानंतर लगेचच अस्थिर वाटल्यामुळे बंद करून ठेवले. २००५ मध्ये यान इटोकावा या लघुग्रहावर उतरून उठले, परंतु त्यानंतर रासायनिक इंधन गळून गेले, यान भोवंडू लागले आणि डिसेंबर २००५ मध्ये त्याचा संपर्क तुटला. जानेवारी २००६ मध्ये पुन्हा क्षीण संदेश मिळू लागले. आता परतीसाठी केवळ आयन इंजिने उरली होती, आणि तीही वयोमर्यादा ओलांडत होती. नोव्हेंबर २००९ मध्ये चालू असलेले ‘डी’ इंजिनही थांबले.

येथे इंजिनाचे दोन भाग लक्षात घ्यायला हवेत. एक भाग आयनांचा झोत सोडतो आणि दुसरा, ज्याला उदासीनक म्हणतात, तो झोतात इलेक्ट्रॉन मिसळतो. ‘बी’ इंजिनाचा उदासीनक निकामी झाला होता, पण त्याचा आयनस्रोत शाबूत होता. ‘ए’ इंजिन सुरुवातीलाच बाजूला ठेवल्यामुळे त्याचा उदासीनक जवळजवळ कोरा होता. अभियंत्यांनी ‘बी’चा झोत आणि ‘ए’चा उदासीनक एकत्र चालवला. दोन वेगळ्या इंजिनांचे भाग एकमेकांशी जोडून चालतील यासाठी विद्युत मंडलात एक डायोड हवा होता, आणि तो उड्डाणापूर्वीच, ऐनवेळी उपयोगी पडेल म्हणून, बसवून ठेवलेला होता. या जोडगोळीच्या बळावर यान १३ जून २०१० रोजी पृथ्वीवर परतले आणि त्याची कुपी ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथे उतरली. तिच्यात इटोकावाचे सुमारे दीड हजार सूक्ष्म कण सापडले.

आपण अभियांत्रिकी शिकत असाल, तर त्या डायोडचा अवश्य विचार करा. वजनाच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब द्यावा लागत असताना कोणी तरी त्याचा आग्रह धरला होता.

प्रश्न : मी औद्योगिक वायूंच्या क्षेत्रात काम करतो. झेनॉन किती दुर्मीळ आहे हे मला ठाऊक आहे. हजारो उपग्रहांना तो पुरणार कसा?
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : पुरणार नाही, आणि म्हणूनच पर्याय आले आहेत. एक कोटी लिटर हवेत झेनॉन एक लिटरही नसतो. क्रिप्टॉन सुमारे ११ लिटर असतो, तर आरगॉन तब्बल ९३ हजार लिटर. झेनॉनला पसंती मिळाली ती त्याचा अणू जड असल्यामुळे, त्याचे आयन करायला कमी ऊर्जा लागत असल्यामुळे आणि दाबाखाली तो लहान टाकीत मावत असल्यामुळे. तो मोठ्या पोलाद कारखान्यांना जोडलेल्या हवा-विलगीकरण प्रकल्पांतून जोडउत्पादन म्हणून मिळतो, त्यामुळे मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढवता येत नाही. स्टारलिंकच्या २०१९ मधील उपग्रहांनी क्रिप्टॉन वापरला आणि २०२३ पासूनच्या नव्या पिढीने आरगॉन. कार्यक्षमतेत थोडी तूट येते, ती स्वस्ताईत भरून निघते. फ्रान्समधील थ्रस्टमी या कंपनीने आयोडीनवर चालणारे इंजिन २०२० मध्ये एका लहान उपग्रहावर चालवून दाखवले. आयोडीन घनरूपात ठेवता येत असल्यामुळे उच्च दाबाची टाकीच लागत नाही. मात्र ते धातूंना खाते, याची काळजी घ्यावी लागते.

प्रश्न : चांद्रयानाला किंवा गगनयानाला असे इंजिन का लावत नाहीत?
– इयत्ता दहावीतील विद्यार्थी, शिवडी

उत्तर : उतरण्यासाठी आणि उड्डाणासाठी ते चालणारच नाही. चांद्रयान-३च्या विक्रमचे वस्तुमान सुमारे १,७५० किलो होते. चंद्रावरही त्याचे वजन २,८०० न्यूटनांच्या वर भरते आणि ते तोलून धरायला ३०० मिलिन्यूटनची नऊ हजारांहून अधिक इंजिने लागतील. चंद्राच्या कक्षेपर्यंत जाण्यासाठी मात्र ते चालते. युरोपचे स्मार्ट-१ हे यान सप्टेंबर २००३ मध्ये निघून एकाच हॉल थ्रस्टरच्या जोरावर नोव्हेंबर २००४ मध्ये चंद्राच्या कक्षेत पोहोचले, आणि त्यासाठी त्याने बरोबर नेलेला झेनॉन अवघा ८२ किलोच्या आसपास होता. माणसे घेऊन जाताना एवढा काळ पृथ्वीभोवतालच्या किरणोत्सारी पट्ट्यांत फिरत राहणे परवडणारे नाही. कक्षा टिकवण्यासाठी मात्र समानव स्थानकावरही त्याचा उपयोग होतो; एप्रिल २०२१ मध्ये गेलेल्या चीनच्या अंतराळ स्थानकाच्या तियानहे या भागावर चार हॉल थ्रस्टर बसवलेले आहेत.

प्रश्न : भारत या क्षेत्रात नेमका कुठे उभा आहे? बातम्या उत्साहाच्या असतात, पण जगाच्या तुलनेत आपण किती मागे आहोत, हे स्पष्ट सांगावे.
– एक सेवानिवृत्त अभियंता, अणुशक्तीनगर

उत्तर : स्पष्टच सांगतो. आपण उशिरा निघालो, आणि त्यात दैवानेही साथ दिली नाही. जीसॅट-४ या उपग्रहावर विद्युत प्रणोदनाची यंत्रणा बसवलेली होती. १५ एप्रिल २०१० रोजी जीएसएलव्हीच्या उड्डाणात स्वदेशी क्रायोजेनिक टप्पा अपयशी ठरला आणि उपग्रहासोबत ती यंत्रणाही एकदाही न चालता समुद्रात गेली. त्यानंतर ५ मे २०१७ रोजी सोडलेल्या जीसॅट-९ या दक्षिण आशिया उपग्रहावर रासायनिक इंजिनांच्या जोडीला विद्युत प्रणोदन आले. याच काळात, मार्च २०१५ मध्ये, केवळ विजेवर भूस्थिर कक्षेत जाणारे दोन उपग्रह बोइंगने बांधून एकाच अग्निबाणाने सोडून दाखवले होते. खासगी क्षेत्रात बंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने जानेवारी २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या पोएम-३ या मंचावर हॉल थ्रस्टरसाठीचा, तापक नसलेला पोकळ कॅथोड तपासून पाहिला. हा भाग लहान असला, तरी थ्रस्टरचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावरच ठरते, त्यामुळे त्याचे महत्त्व मोठे आहे.

मार्च २०२५ ची चाचणी ५.४ किलोवॅट या पूर्ण शक्तीवर, अंतराळसदृश कक्षात झाली आणि मधूनमधून थांबून अस्तराची झीज मोजली गेली. हे इंजिन पुढे टीडीएस-१ या तंत्रज्ञान-प्रात्यक्षिक उपग्रहावर बसवण्याचा इस्रोचा मानस आहे. ही प्रगती खरी आहे आणि तिच्यामागचे कष्ट फार मोठे आहेत. तरीही आपण स्पष्ट उत्तर मागितले आहे, म्हणून आकडे मांडतो. चार टनांचा उपग्रह अशा एकाच इंजिनाने भूस्थिर कक्षेत न्यायचा झाला, तर ते अकरा महिन्यांहून अधिक, म्हणजे आठ हजार तासांच्या वर चालावे लागेल. दोन इंजिने एकत्र चालवली, तरी प्रत्येकाला चार हजार तास. त्यानंतर पंधरा वर्षे कक्षा राखण्याचे काम राहतेच. म्हणजे १,००० तासांची चाचणी हा या वाटेवरील पहिला मैलाचा दगड आहे. याच्या पुढच्या चाचण्या कंटाळवाण्या असतील, त्यांच्या बातम्या होणार नाहीत आणि त्यांना निर्वात कक्ष वर्षभर अडकवून ठेवावा लागेल. तरीही त्या पूर्ण होऊ द्याव्यात, एखाद्या उड्डाणाच्या तारखेसाठी त्या आखडत्या घेऊ नयेत, असे मला कळकळीने वाटते.

थ्रस्टर उत्तम असूनही विजेच्या यंत्रणेतील अडचण कशी महागात पडते, हे सांगण्यासाठी दुसऱ्या देशांचा अनुभव पुरेसा आहे. युरोप आणि जपान यांचे बेपीकोलंबो हे यान २०१८ मध्ये बुधाकडे निघाले आणि त्याची इंजिने उत्तम होती. २०२४ मध्ये अडचण आली ती इंजिनांना पुरेशी वीज न पोहोचण्याची. रेटा कमी पडल्यामुळे मार्ग बदलावा लागला आणि बुधाच्या कक्षेत पोहोचण्याची तारीख डिसेंबर २०२५ वरून नोव्हेंबर २०२६ वर गेली. थ्रस्टरइतकेच लक्ष वीज पुरवणाऱ्या यंत्रणेकडे द्यावे लागते, आणि आपल्याकडे चर्चा मात्र केवळ थ्रस्टरची होते.

प्रश्न : माझ्या मुलीला याच क्षेत्रात काम करायचे आहे. ती यंदा बारावीत आहे. तिने काय शिकावे?
– एक पालक, बोरिवली

उत्तर : पवईच्या आयआयटीत अवकाश अभियांत्रिकीचा विभाग आहे आणि तिरुवनंतपुरम येथे इस्रोशी संलग्न अशी अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे, हे आपणांस ठाऊक असेलच. मात्र अवकाश अभियांत्रिकीलाच प्रवेश मिळाला पाहिजे, असा हट्ट धरू नये. या इंजिनांवर काम करणाऱ्यांत प्लाझ्माचे भौतिकशास्त्र शिकलेले, निर्वात तंत्रज्ञान जाणणारे, बोरॉन नायट्राइडसारख्या सिरॅमिकवर काम करणारे आणि शक्ती-इलेक्ट्रॉनिक्समधले असे सर्व प्रकारचे लोक लागतात. तिला भौतिकशास्त्राची मनापासून ओढ असेल, तर त्यातच पदवी घेऊन पुढे गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी संशोधन करता येईल. हातांनी मंडले जुळवण्यात तिला रस असेल, तर विद्युत अभियांत्रिकी घ्यावी. वीज नियंत्रित करणाऱ्या संचांवर काम करणाऱ्या माणसांची गरज येत्या काळात सर्वाधिक भासणार आहे.